जिथे रनिंग आहे, तिथे प्लग नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार मीटरच्या आतील छोट्या एसयूव्हींची तुलना करणारा लेख आपल्या वाहनविषयक पानावर नुकताच वाचला. पेट्रोल, हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) आणि विजेवर चालणारी असे तीन रकाने, त्यांखाली किंमत, ॲव्हरेज आणि किलोमीटरमागे खर्च अशी मांडणी होती आणि शेवटी ‘आपल्या गरजेनुसार निवड करावी’ असा सल्ला होता. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेला सांगलीचा रहिवासी आहे. गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात अशा दोन गाड्यांची खरेदी झाली आणि दोन्ही वेळा हिशेबाची वही माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून लिहितो की, हे तीन रकाने शेजारी शेजारी छापले गेले तरी ग्राहकापुढे ते तसे शेजारी शेजारी कधी येतच नाहीत.

पहिली गोष्ट मधल्या रकान्याची. चार मीटरच्या आतील एसयूव्हींमध्ये खऱ्या अर्थाची हायब्रिड गाडी आपल्याकडे आज विक्रीला नाही. काही गाड्यांवर ‘हायब्रिड’ असे लिहिलेले असते, पण त्या ‘माइल्ड हायब्रिड’ असतात. म्हणजे सिग्नलला इंजिन बंद करून पुन्हा चालू करणे आणि वेग घेताना त्याला थोडा हातभार लावणे, एवढेच त्यांतील छोट्या बॅटरीचे काम असते. अशी गाडी केवळ विजेवर दहा पावलेही जात नाही. ज्या ‘स्ट्राँग हायब्रिड’चा, म्हणजे काही अंतर केवळ विजेवर चालू शकणाऱ्या गाडीचा, आकडा पाहून वाचक हरखतो, त्या मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या सव्वाचार मीटरपेक्षा लांब आहेत, त्यांचे इंजिन दीड लिटरचे आहे आणि त्यांची किंमत वरच्या वर्गातील आहे. आपल्या लेखातील लिटरमागे २७.९७ किलोमीटर हा आकडा याच गाड्यांचा असून तो प्रयोगशाळेतील चाचणीचा आहे. तो छोट्या गाडीच्या रकान्यात छापणे म्हणजे लग्नाच्या यादीत शेजारच्या मुलीचे शिक्षण लिहिण्यासारखे झाले.

छोटी गाडी आणि मोठी गाडी ही विभागणी अभियंत्यांनी केलेली नाही, ती करआकारणीतून आलेली आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यासाठी ‘छोटी’ची व्याख्या ठरली ती अशी : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या जणू फूटपट्टी लावून कापल्या जाऊ लागल्या. टाटांची नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर लांब आहे, मारुतीची ब्रेझाही नेमकी ३,९९५ मिलिमीटर आहे. मात्र ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्याने लांबीच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही ती इंजिनाच्या परीक्षेत नापास होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यानुसार व्याख्येत बसणाऱ्या छोट्या गाडीवर १८ टक्के, न बसणाऱ्या गाडीवर ४० टक्के आणि विजेवरील गाडीवर, तिची लांबी कितीही असो, ५ टक्के कर आहे. दीड लिटरच्या हायब्रिडला अर्थातच ४० टक्के लागतात. गाडी किती इंधन पिते, हा प्रश्न या कोष्टकात कुठेच विचारला जात नाही.

व्याख्येत बसणारी छोटी हायब्रिड बनवता येत नाही, असे मात्र नाही. जपानमध्ये टोयोटाची राइझ ही गाडी नोव्हेंबर २०२१ पासून हायब्रिड रूपात मिळते. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे आणि इंजिन १,१९६ सीसीचे आहे, म्हणजे आपले मोजमाप समोर ठेवूनच शिवल्यासारखी! तिच्यातील इंजिन चाके फिरवत नाही, ते केवळ वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते. अशी गाडी इथे आली तर तिला १८ टक्केच कर लागेल. ती येईपर्यंत छोट्या एसयूव्हीच्या ग्राहकाने मधल्या रकान्यावर फुली मारलेली बरी.

आता आमच्या घरातील दोन गाड्यांकडे वळतो. हिशेब स्वच्छ राहावा म्हणून काही आकडे गृहीत धरतो : पेट्रोल लिटरला १०४ रुपये, घरगुती वीज सर्व आकार धरून युनिटला १२ रुपये आणि एका युनिटमागे सात किलोमीटर. कंपनीचा दावा याहून मोठा असतो, पण चार्जिंगमधील गळती आणि उन्हाळ्यातील वातानुकूलन धरले तर सात हा प्रामाणिक आकडा आहे. पेट्रोलवरील स्वयंचलित गिअरची छोटी एसयूव्ही साडेदहा लाखांची आणि तिच्या तोडीची विजेवरील गाडी चौदा लाखांची धरू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के मोटार वाहन कर पडतो, तो सव्वा लाखाच्या थोडा वर जातो आणि विजेवरील गाडीला तो माफ आहे. त्यामुळे शोरूममध्ये साडेतीन लाखांचा दिसणारा फरक पासिंग होईपर्यंत सव्वादोन लाखांवर येतो. विक्रेते हा हिशेब क्वचितच करून दाखवतात, हे जाता जाता नोंदवतो.

पहिली गाडी माझी. सांगलीत आमचे स्वतःचे बैठे घर आहे, अंगणात गाडीला छप्पर आहे, भिंतीवर पंधरा अँपिअरचा प्लग आहे आणि अर्थिंगही मी स्वतः तपासून घेतलेले आहे. विजेवरील गाडीसाठी यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. ती घ्यावी, अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण आयुष्यभर ज्या इंजिनाच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, त्यात जळणाऱ्या इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत आलो. पण वही उघडली आणि उत्साह थंडावला. निवृत्तीनंतर माझी गाडी वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते. लिटरला चौदा किलोमीटर धरले तर पेट्रोलचा वार्षिक खर्च सुमारे ३७ हजार रुपये येतो आणि विजेचा साडेआठ हजार. बचत साडेअठ्ठावीस हजारांची, म्हणजे जादा दिलेले सव्वादोन लाख वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षे. बॅटरीची हमीही बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर एवढीच देतात. मी पेट्रोलची गाडी घेतली.

दुसरी गाडी पुण्यातील भाच्याची. तो कोथरूडला राहतो आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो. चांदणी चौक, वाकड, निगडी असा त्याचा रस्ता, जाऊन-येऊन पंचाहत्तर किलोमीटर, वर्षाला वीस हजार किलोमीटर. त्या वाहतुकीत पेट्रोल गाडी लिटरला तेराच्या वर जाईल असे मला वाटत नाही, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजारांचे पेट्रोल. घरी चार्जिंग केले तर तेच अंतर ३४ हजारांत कापले जाईल. वर्षाची बचत सव्वा लाख! जादा दिलेले पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात आणि पुढची सगळी वर्षे नफ्याची. रोजच्या फेरीला अकरा युनिटे लागतात, ती साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर साडेतीन तासांत भरतात. जलद चार्जरची, भिंतीवरच्या महागड्या पेटीची, ४८९ किलोमीटरच्या जाहिरातीची, कशाचीच गरज नाही. विजेवरील गाडी कोणासाठी असते, असे मला कोणी विचारले तर मी या मुलाकडे बोट दाखवीन.

पण त्याच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. इमारत सात मजल्यांची, चोवीस सदनिकांची. मीटर रूम एका कोपऱ्यात आणि त्याची गाडी दुसऱ्या कोपऱ्यात. स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या खर्चाने तार ओढून घेण्याची परवानगी त्याने सोसायटीकडे मागितली. कार्यकारिणीने ती नाकारली. कारणे तीन सांगितली गेली : इमारतीचा मंजूर भार पुरणार नाही, बॅटरीला आग लागेल आणि आज एकाला दिले तर उद्या सगळे मागतील.

या कारणांवर मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण पुण्या-मुंबईतील, ठाण्या-नाशिकमधील असंख्य सोसायट्यांत हीच तीन वाक्ये ऐकू येतात. भाराचे म्हणाल तर असा प्लग सुमारे ३.३ किलोवॉट वीज ओढतो. बाथरूममधील गिझर दोन ते तीन किलोवॉट ओढतो आणि चोवीस घरांतील गिझर सकाळी सहा ते आठ या वेळात जवळजवळ एकदमच चालू असतात; तेव्हा कोणी मंजूर भाराचे नाव काढत नाही. गाड्या रात्री अकरानंतर, इमारत झोपलेली असताना भरल्या जातात आणि त्याही सगळ्या एकाच वेळी भराव्या लागत नाहीत. आगीबद्दल बोलायचे, तर आज छोट्या विद्युत गाड्यांत सर्रास वापरली जाणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी उष्णतेला तुलनेने बरीच स्थिर असते. घरगुती चार्जिंगमध्ये खरा धोका असतो तो सैल सॉकेटचा, बारीक तारेचा आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा, म्हणजे परवानगी नाकारल्यावर माणसे जे चोरून करतात, त्याचा. योग्य जाडीची तार, जादा भार आल्यास वीज तोडणारे स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती ओळखणारे आरसीसीबी आणि नीट अर्थिंग एवढे असेल, तर ती जागा चाळीस-चाळीस लिटर पेट्रोल पोटात घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या गाड्यांपेक्षा अधिक धोक्याची म्हणता येणार नाही. आणि उद्या सगळे मागतील हे तिसरे कारण खरे आहे. म्हणूनच आजच मीटर रूमपासून एक सामाईक केबल-ट्रे टाकून ठेवावा, म्हणजे पुढे प्रत्येकाने वेगळी भिंत फोडायला नको.

कायदाही ग्राहकाच्या विरोधात नाही. घराच्या असलेल्याच जोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहनासाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. तिचा एक व्यावहारिक फायदा लेखकांनी सांगायला हवा होता. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर दराचे टप्पे आहेत. भाच्याच्या गाडीला महिन्याला सुमारे २४० युनिटे लागतील. घराचा वापर दोनशेचा धरला, तरी एकाच मीटरवर तो एकदम तीनशेच्या पलीकडच्या टप्प्यात जाईल आणि मी धरलेला बारा रुपयांचा दर त्या वरच्या युनिटांना अपुरा पडेल. मीटर वेगळे असेल तर घराचे बिल जागच्या जागी राहते. मात्र स्वतंत्र जोडणी महावितरणने दिली तरी तार सोसायटीच्याच भिंतीवरून जाणार, म्हणून गाडे पुन्हा कार्यकारिणीपाशी येऊन अडते.

सार्वजनिक चार्जरवर भागवावे, असा सल्ला भाच्याला अनेकांनी दिला. तिथे युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागतात. तरीही वर्षाचा खर्च ६३ हजारांच्या आत राहतो आणि पेट्रोलपेक्षा तो कितीतरी कमीच आहे. पण दर तीन-चार दिवसांनी, दहा तासांची पाळी आणि तीन तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाने रात्री चार्जरपाशी तासभर बसून राहायचे, हे कागदावर जमते, संसारात जमत नाही. त्याच्या बायकोने हे एका वाक्यात सांगितले. ते वाक्य इथे छापण्याजोगे नाही.

मग वरच्या वर्गातील हायब्रिडचा विचार झाला. चांदणी चौकातील मुंगीच्या चालीत हायब्रिड गाडी शोभून दिसते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि रांगेत इंजिन बंद ठेवून विजेवर सरकते. तिची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान, तिला प्लग लागत नाही, सोसायटीची परवानगी लागत नाही. लिटरला एकवीस किलोमीटर धरले तर वर्षाला ९९ हजारांचे पेट्रोल, म्हणजे ६१ हजारांची बचत. पण सतरा लाखांची गाडी आणि तिच्यावर दोन लाखांचा मोटार वाहन कर मिळून एकोणीस लाख होतात. छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा हे सव्वासात लाखांनी जास्त आहेत आणि ते वसूल व्हायला बारा वर्षे लागतील. ज्याला मोठी गाडी हवीच आहे, त्याने हायब्रिड जरूर घ्यावी. केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी ती कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. तसा इथे झाला तरी तीन-साडेतीन वर्षेच कमी होतील, हिशेब उलटणार नाही.

पर्यावरणाच्या रकान्याबद्दलही थोडे. आपल्या तक्त्यात विजेवरील गाडीपुढे ‘शून्य प्रदूषण’ असे लिहिले आहे. चौकातील धुरापुरते ते खरे आहे आणि चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या दृष्टीने ते मोठेही आहे. परंतु आपली वीज अजून मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते आणि देशातील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सात किलोमीटरने भागले, तर किलोमीटरला सुमारे १०० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो बाहेर पडतो. त्यामुळे लिटरला एकवीस किलोमीटर देणारी हायब्रिड ११० ग्रॅमच्या आसपास राहते आणि तेरा देणारी साधी गाडी १७५ च्या पुढे जाते. विजेवरील आणि हायब्रिड या दोन गाड्यांच्या धुरात दहा ग्रॅमचा फरक आणि करात ५ व ४० टक्क्यांचा, यावर संबंधितांनी विचार करावा. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा होतो. पण छप्परही पुन्हा बैठ्या घरवाल्यांकडेच असते.

पेट्रोलच्या रकान्यात एक टीप राहून गेली आहे. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मिश्रणातील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळाले याचा आनंद आहे, पण जुन्या तक्त्यांतील ॲव्हरेजचे आकडे तेवढे कमी करूनच वाचावेत.

एवढे सगळे झाल्यावर भाच्याने काय घेतले? सीएनजीवरील छोटी एसयूव्ही. आपल्या तीन रकान्यांत जिचे नावही नव्हते, ती. किलोला ९० रुपये आणि बावीस किलोमीटर धरले तर वर्षाला सुमारे ८२ हजार रुपयांत त्याचे काम होते, शिवाय गाडीची किंमत आवाक्यातील. पंपावरील रांग आहे, डिकीतील जागा सिलिंडरने घेतली आहे आणि राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सीएनजी गाड्यांवरील कर एक टक्क्याने वाढवलाही आहे. ज्या माणसासाठी विजेवरील गाडी सर्वांत लाभाची होती, तो रोज सकाळी सीएनजीच्या रांगेत उभा असतो आणि ज्याच्या भिंतीवर प्लग आहे, तो मी आठवड्यातून दोनदा मंडईत जाऊन येतो.

राज्य शासनाने २०२५ च्या धोरणात विद्युत मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर पथकर माफ केला. रोजच्या चाकरीत कोथरूड ते चाकण या वाटेवर त्याचा काहीही उपयोग नाही. या सवलतींपेक्षा जुन्या सोसायट्यांच्या वाहनतळांपर्यंत केबल पोहोचवण्यासाठी अनुदान आणि सभासदाने रीतसर केलेल्या अर्जाला ठरावीक मुदतीत लेखी, तांत्रिक कारणांसह उत्तर देण्याचे बंधन, या दोन गोष्टींनी अधिक गाड्या विजेवर येतील. आपल्या वाहनविषयक पानाकडून माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. पुढच्या तुलनेत किमतीच्या आधी दोन ओळी छापाव्यात : आपली गाडी रात्री कोठे उभी असते आणि वर्षाला किती किलोमीटर चालते. आणि सीएनजीला एक रकाना द्यावा.

भाच्याच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भाराचा तपशील व तारेचा आराखडा घेऊन तो तोच अर्ज पुन्हा देणार आहे. या वेळी त्याच्याबरोबर आणखी पाच सभासदांच्या सह्या आहेत.

आपला,
एक जुना वाचक, सांगली